सतरा नंबरची चौकशी

वडील गेले त्या वर्षी आमच्या घरात कसलेही विधी झाले नाहीत. तेरावं नको, पिंड नको, फोटोला हार तर मुळीच नको, असं ते बजावून गेले होते. आणि जिवंतपणी ज्यांचा शब्द कुणी मोडला नाही त्यांचा नंतर कोण मोडणार? त्यामुळे माणूस गेल्यावर घरातल्या बाईमागे जी हजार कामं लागतात, ती आईच्या मागे लागली नाहीत. तिला दुःख करायला सगळा दिवस मोकळा मिळाला आणि त्या मोकळ्या दिवसाचं काय करायचं ते तिला कळेना. सकाळचे पोहे ती दुपारी ओट्याशी उभ्याउभ्या खायची. बिबवेवाडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं तिने जवळजवळ बंद केलं. कुणाचा फोन आला तर "हो, बरी आहे" एवढं म्हणून माझ्याकडे द्यायची.

मला काम होतं. शिवाय माझं काम कर्करोगाचंच, त्यामुळे बाबांच्या आजारपणात आणि नंतरही मी घरातली जाणकार समजली जात होते. हा गैरसमज दूर करायचे मी फार प्रयत्न केले, असं म्हणता येणार नाही. "शरीरातली रोगप्रतिकारक यंत्रणा कर्करोग कसा ओळखते, याचा आम्ही संगणकावर अभ्यास करतो," हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की आता ते मला स्वतःलाही खरं वाटतं. प्रत्यक्षात मी खराडीच्या एका आयटी पार्कात, पाचव्या मजल्यावर, गळ्यात ओळखपत्र अडकवून बसते. खालच्या मजल्यावर परदेशी लोकांच्या विम्याच्या तक्रारी ऐकणारी कंपनी आहे. कँटीन दोघांचं एकच. माझ्या हातून आजवर एकही परीक्षानळी फुटलेली नाही, कारण हातात कधी आलेलीच नाही. पेशी मी डोळ्यांनी शेवटची पाहिली ती अकरावीत, कांद्याच्या पापुद्र्यातली. एकदा आईला ऑफिस दाखवायला नेलं होतं. तिने सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "उंदीर कुठे आहेत?" उंदीर नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, "मग हे बँकेसारखंच आहे की गं. नुसता एसी."

आम्ही नेमकं काय करतो ते समजावून सांगायला मी तिच्यासाठी एक दृष्टान्त तयार केला होता आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. प्रत्येक पेशी म्हणजे एक घर. आत काय शिजतंय ते बाहेरच्याला दिसत नाही. पण प्रत्येक घर आपला कचरा थोडाथोडा दाराबाहेर ठेवतं. पेशीही तसंच करते. आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे ताटलीत घालून ती दारात मांडते. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी दारोदार फिरून या ताटल्या बघतात. नेहमीची सालं दिसली की पुढे जातात. भलतंच काही दिसलं तर आत गडबड आहे हे ओळखून ते घरच संपवतात. कर्करोगाच्या पेशीत काही प्रथिनं बदललेली असतात, म्हणून तुकडेही बदललेले. पण ते दर वेळी ओळखले जातातच असं नाही. ताटल्यांचे आकार माणसागणिक वेगळे. कुठला तुकडा कुठल्या ताटलीत बसेल आणि तो बघून फिरणाऱ्या पेशीला संशय येईल की नाही, याचा अंदाज आमचा प्रोग्रॅम बांधतो.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे लोकांच्या बादल्या बघत फिरायचं."

"साधारण तसंच."

"मग मलाच का नाही घेतलं? आपल्या बिल्डिंगमध्ये ओल्यात सुकं कोण टाकतं ते मी बसल्याजागी सांगते."

वडील वजनमापे खात्यात निरीक्षक होते. मार्केट यार्डातले काटे आणि मंडईतली वजनं तपासण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही ते मंडईत शिरले की दोन-चार जुने गाळेवाले उगाचच पारडं पुसायला लागायचे. आधी रिकामं पारडं बघावं, मग त्यात माल टाकावा, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान होतं आणि ते त्यांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी त्यांना विचारलं, की गाठीचा थोडासा भाग आणि थोडं रक्त संशोधनासाठी द्याल का?

"थोडासा म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

"अगदी थोडासा, काका."

"थोडासा हे माप नाही. ग्रॅममध्ये सांगा."

डॉक्टर बाहेर जाऊन ग्रॅम विचारून आले, तेव्हाच सही झाली. मग बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "घे. तुमच्या धंद्याला माल दिला." त्यांना खरंच तसं वाटत होतं. जगभरातल्या या विषयाच्या माहितीत आपल्याकडच्या माणसांचे नमुने फार कमी आहेत, त्यामुळे आपल्या माणसांच्या बाबतीत आमचे अंदाज जास्त चुकतात. म्हणून निरनिराळ्या रुग्णालयांतून नमुने गोळा व्हायचे होते आणि त्यांची माहिती नाव, गाव, वय सगळं काढून, नुसते नंबर घालून, आमच्यासारख्या गटांकडे यायची होती. कुठला नंबर कुणाचा हे शोधायचा प्रयत्न करणार नाही, असं आम्ही सगळ्यांनी लिहून दिलं होतं. मीही दिलं होतं. सहीसुद्धा सुवाच्य होती.

शस्त्रक्रियेनंतर बाबांना फार दिवस मिळाले नाहीत.

आता इथे आमच्या गटातली एक पद्धत सांगायला हवी. नवीन माणूस रुजू झाला की त्याने पहिला प्रोग्रॅम स्वतःवर चालवायचा. थुंकीचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, त्यातून आलेली माहिती घ्यायची आणि आपल्या ताटल्यांचे प्रकार आपणच शोधून काढायचे. प्रत्येकाच्या मुख्य खुणा सहा. तीन आईकडून आलेल्या, तीन वडिलांकडून. या सहा खुणा आमच्याकडे लोकांना मोबाइल नंबरासारख्या पाठ असतात. वाढदिवसाला गटातर्फे जो कप मिळतो त्यावर फुलं नसतात, त्या सहा खुणा छापलेल्या असतात. मी रोज माझ्या आईवडिलांतून चहा पिते, असा विनोद मी एकदा केला होता. कुणी हसलं नाही.

बाबा जाऊन काही महिने झाल्यावर नमुन्यांची माहिती आली. मी तक्ता उघडला, एकेक ओळ खाली सरकवत गेले आणि सतराव्या ओळीवर थांबले. सहापैकी तीन खुणा माझ्या होत्या.

मी शोधलं नव्हतं, मला दिसलं होतं. हा फरक मी स्वतःला फार बारकाईने समजावून सांगितला. मी काहीतरी पुटपुटले असणार, कारण शेजारच्या टेबलावरून "काय झालं, मॅम?" असा प्रश्न आला. तिथे बसते ती अमरावतीकडची, इंजिनिअरिंग करून आलेली मुलगी. मी म्हटलं, काही नाही, चहा गरम आहे. चहा केव्हाच निवला होता.

मी पुस्तकात वाढलेली बाई आहे. माझ्या धंद्यात ज्याला खोटी ओळख म्हणतात, म्हणजे नसलेलं ते असल्यासारखं वाटणं, त्यावर मी दोन लांबलचक लेख लिहिले आहेत आणि ते वाचून तरुण मंडळी मला शंका विचारतात. आमच्याकडच्या लोकांत ठराविक तीन खुणांचे संच पुन्हापुन्हा सापडतात, हे त्यातल्या एका लेखात मीच लिहिलं आहे. माझ्या सहांपैकी कुठल्या तीन बाबांच्या आणि कुठल्या तीन आईच्या, हेही मला माहीत नव्हतं; आईची तपासणी कधी केलीच नव्हती. यातलं एकही वाक्य मला त्या दुपारी आठवलं नाही. मी सतराव्या ओळीकडे बघत बसले आणि मला वाटलं, हे इथे आहेत. खराडीत.

आईला सांगायचं नाही असं ठरवून मी घरी गेले. आई पोहे घेऊन ओट्याशी उभी होती. मी सांगून टाकलं.

तिने बशी खाली ठेवली. "नक्की?"

"जवळजवळ नक्की."

"आहेत कसे?"

नमुना कसा आहे, असं तिला विचारायचं असावं. मी म्हटलं, "चांगले आहेत. स्वच्छ माहिती आहे."

"असणारच," आई म्हणाली आणि स्टूल ओढून त्यावर बसून तिने उरलेले पोहे संपवले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बूट काढायच्या आत प्रश्न यायचा, "आज सतराचं काय?" आणि मी रोज काहीतरी सांगायचे. आज इतके बदललेले तुकडे सापडले. आज ताटल्यांशी जुळवून बघितलं. आज नुसतंच रांगेत उभं केलंय, संगणक दुसऱ्या कामात आहे. "त्यांना रांगेत उभं राहायला आवडत नाही," आई म्हणायची. म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून सतराला सगळ्यांत आधी चालवायला लागले. सकाळी फाइल उघडताना मनातल्या मनात नमस्कारही करायचे. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण केलं ते केलं.

आई सुधारली, हे मात्र खरं. ती जेवायला बसू लागली. सकाळी खाली चक्कर मारू लागली. भाजीवाल्याशी भांडण झालं त्या दिवशी तर मी मनातल्या मनात पेढे वाटले. आत्याला, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीला, ती आपण होऊन फोन करायला लागली आणि त्या फोनवर सतराचं सविस्तर वार्तापत्र जायला लागलं.

मग एक खरोखरची बातमी आली. सतराच्या गाठीतल्या एका बदललेल्या तुकड्याबद्दल आमच्या प्रोग्रॅमने म्हटलं होतं, की हा ओळखला जाण्याची शक्यता मोठी आहे. आमच्याबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेने, जिथे खरोखरच्या परीक्षानळ्या आहेत, तो तुकडा तयार करून सतराच्या साठवलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींसमोर ठेवला. पेशी खवळल्या. म्हणजे या माणसाच्या शरीराने रोग ओळखला होता, फक्त ती ओळख पुरी पडली नव्हती. आमच्या कामात असा होकार क्वचित मिळतो. मी घरी जाताना कल्याणीनगरच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत रडले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

आईने ऐकलं आणि लगेच आत्याला फोन लावला. "अगं, ह्यांच्या शरीराने ओळखलं होतं. झोपलेलं नव्हतं ते. जरा कमी पडलं इतकंच." हे ती इतक्या ताठ आवाजात म्हणाली की मला वाटलं, माझ्या सगळ्या शिक्षणाचा उपयोग बहुधा या एका फोनसाठीच होता.

वर्ष व्हायला आलं तसं आईने ठरवलं की त्या दिवशी आत्याला आणि तिच्या यजमानांना जेवायला बोलवायचं.

मी म्हटलं, "बाबा नको म्हणाले होते ना?"

"विधी नको म्हणाले होते. जेवू नका असं नव्हते म्हणाले. आणि तू तो कॉम्प्युटर घेऊन बस. जेवणाआधी सतराचं सगळं नीट समजावून सांग सगळ्यांना. भटजी नाही, निदान तेवढं तरी."

अशा रीतीने माझी नेमणूक झाली. मी चित्रं काढली. ताटल्या, सालं, फिरणाऱ्या पेशी. खरं तर नमुन्यातलं काही घरी न्यायचंच नसतं. म्हणून मी फक्त चित्रंच नेणार आहे, हीसुद्धा एक सचोटीच, असं माझं मत होतं.

जेवणाला आठवडा उरला असताना ती अमरावतीची मुलगी खुर्ची सरकवत माझ्याजवळ आली. आमचा लेख छपाईला पाठवायची तयारी चालली होती आणि नमुन्यांची प्राथमिक तपासणी तिच्याकडे होती.

"मॅम, एक सांगू का? सतरा नंबर बाई आहे."

"कोण बाई?"

"सतरा नंबर, मॅम. फीमेल. आपल्याला जेंडरचा कॉलम दिला नव्हता ना, म्हणून मी चेक करून राहिली होती सगळ्यांचं. वाय क्रोमोसोमच नाही त्यात."

मी खुर्चीत मागे टेकले आणि अत्यंत विद्वान चेहऱ्याने म्हणाले, "वय झालेल्या पुरुषांच्या पेशींतून वाय गळून जातो. माहीत आहे ना? गाठीत तर नेहमी. वाय दिसत नाही म्हणून पुरुष नाही असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल." हे शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. संदर्भही देऊ शकले असते.

"हो ना, मॅम, मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "पण एक्स दोन आहेत."

मी माझा कप उचलला.

"रक्तातही दोन आणि गाठीतही दोन. आणि दुसरा एक्स बंद करणारा जीन चालू आहे. मी तीनदा पाहिलं." मग माझ्याकडे बघून तिने आवाज खाली घेतला. "काही प्रॉब्लेम आहे का, मॅम? बाई असली तर काय बिघडते?"

काही बिघडत नाही, मी म्हटलं. आणि खरंच, लेखाचं काहीच बिघडत नव्हतं. होकार तो होकारच होता. बिघडलं होतं ते एवढंच, की मी अनेक महिने एका परक्या बाईला रोज सकाळी बाबा म्हणून नमस्कार करत होते. ही तपासणी पाच मिनिटांची असते. नवीन आलेल्यांना मीच शिकवते. वजनमापे निरीक्षकाच्या मुलीने रिकामं पारडं बघितलं नव्हतं, कारण तिला मालाची खात्री होती.

मी आमच्या गटाच्या प्रमुखांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, वर कळवायला हवं असं म्हणाले, आणि नमुन्यांचं काम माझ्याकडून काढून त्या मुलीकडे दिलं. मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "आईंना सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बूट काढायच्या आत प्रश्न आला, "आज सतराचं काय?" मी म्हटलं, "ठीक आहे." दुसऱ्या दिवशीही ठीक होतं. न सांगण्याच्या बाजूने माझ्याकडे उत्तम मुद्दे होते. आई जेवत होती. आई खाली उतरत होती. नमुना कुणाचा हे कायद्याने कुणालाच कळायचं नाही, म्हणजे तिचा समज कधी खोटाही पडणार नव्हता. आणि रोग ओळखला होता, हे तर कुणाच्या तरी बाबतीत खरंच होतं. पण मग त्या जेवणाच्या दिवशी आत्यासमोर लॅपटॉप उघडून, बाबांच्या नावाने, मीच हे बोलणार होते. ज्या माणसाने "थोडासा हे माप नाही" म्हणून डॉक्टरांना परत पाठवलं, त्याच्या वर्षाच्या दिवशी. ते जेवण नसतं तर मी आईपाशी तोंड उघडलं असतं की नसतं कोण जाणे. मी जेवणाच्या आदल्या दिवसापर्यंत थांबले, यावरून अंदाज करावा.

आई टेबलाशी घेवडा मोडत बसली होती. मी समोर बसून दोन शेंगा मोडल्या आणि सांगितलं.

आईचे हात चालूच राहिले. "बाई?"

"हो."

"किती वयाची?"

"माहीत नाही."

"तीन खुणा जुळल्या म्हणालीस ना?"

"अशा पुष्कळांच्या जुळतात. आणि त्या बाबांच्याच होत्या हेही मला माहीत नव्हतं. तुझ्याकडच्याही असतील."

आई थांबली. "म्हणजे माझ्या माहेरची असेल?"

"आई, कुणाचीही असेल."

"मिरजेच्या माझ्या मामेबहिणीला झाला होता," ती म्हणाली, मग आपणच मान हलवली. "पण ती पुण्याला कशाला येईल? तिला पुणं आवडत नाही." एक शेंग तिने शिरा न काढताच पातेल्यात टाकली. "आणि ते ओळखलं होतं, ते तिने?"

"हो. तिच्या पेशींनी."

"मग जगली का ती?"

"ते कळायची सोय नाही."

"आणि हे? ह्यांचा नंबर कुठला?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि त्यासाठी मी एक मऊ वाक्य तयार करून ठेवलं होतं. ते ऐन वेळी आठवलं नाही. "माहीत नाही. त्यातलाच कुठलातरी असेल. नसेलही. काही नमुने खराब निघतात, ते आमच्यापर्यंत येतच नाहीत."

आईने पातेलं सरकवलं, उठली, हात धुतले आणि पदराला पुसले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "एवढी शिकलीस. निदान पुरुष तरी शोधायचास."

त्या संध्याकाळी ती माझ्याशी थेट बोलली नाही, भिंतीमार्फत बोलली. "ज्यांना भूक असेल त्यांनी वाढून घ्यावं." मला भूक नव्हती, पण तसं भिंतीला सांगायचा धीर झाला नाही, मी वाढून घेतलं. तिच्या खोलीतला दिवा लवकर बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली चक्कर मारायला गेली नाही. माझ्या मनात आलं, संपलं. जे काही सुधारलं होतं ते मी परत घेतलं.

आत्या आणि आतोबा वेळेआधीच आले. आत्या ठणठणीत बाई आहे, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर चापट मारायची तिला सवय आहे. ती सोफ्यावर बसली, पाणी प्यायली आणि मला चापट मारून म्हणाली, "हं, काढ तुझा कॉम्प्युटर. दादाचं दाखव."

मी आईकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती.

"तो नंबर ह्यांचा नव्हता," आई म्हणाली. "दुसऱ्याच कुणा बाईचा निघाला. हिची चूक झाली."

आत्याचा हात माझ्या गुडघ्यावरच राहिला. आतोबांनी घसा खाकरला आणि पंख्याकडे बघायला सुरुवात केली. मी मान खाली घालून, नमुने अनामिक कसे असतात आणि का असायला हवेत, यावर बोलायला लागले. दुसऱ्या वाक्याला आत्याने मला थांबवलं.

"बाईचा? म्हणजे इतके दिवस तू दादा समजून एका बाईशी बोलत होतीस?"

"बोलत नव्हते, आत्या. म्हणजे, साधारण."

आत्याने आईकडे बघितलं. तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं होतं. रडू येतंय की काय असं मला वाटलं. "वहिनी," ती म्हणाली, "ही अगदी बापावर गेलीय गं. तुळशीबागेतलं आठवतं का?"

आईने पळी दुसऱ्या हातात घेतली.

"अगं, यांचं लग्न नुकतंच झालेलं," आत्या माझ्याकडे वळली. "दादा चालायचा कायम दहा पावलं पुढे. मागे वळून बघायचं नाही आणि बोलणं तर चालूच. ही बांगड्यांच्या दुकानाशी थांबली..."

"बांगड्या नव्हत्या," आई म्हणाली. "गाळणं बघत होते मी. चहाचं."

"बरं, गाळणं. तर दादाने भाजीची पिशवी न बघताच मागे केली, 'धर' म्हणाला, आणि मागून येणाऱ्या कुठल्या तरी बाईने ती धरली!"

"का धरली?" मी विचारलं.

"पुण्याची नसणार. नाहीतर आधी कारण विचारलं असतं," आतोबा पंख्याकडे बघत म्हणाले.

"आणि हा बोलतोय आपला," आत्या म्हणाली. "मंडईपर्यंत! त्या गाळ्यावर असं, या काट्यात तसं. ती बिचारी पेरूंची पिशवी घेऊन मागे हसत हसत..."

"पेरू नव्हते. वांगी होती," आई म्हणाली. ती दारातून पुढे येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली होती. "आणि हसत कुठली? चांगली जाडजूड बाई होती, घामाघूम झाली होती. शेवटी तीच म्हणाली, 'अहो, अजून किती लांब जायचंय?' तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा मागे बघितलं."

मी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. मग लक्षात आलं, की गेल्या कित्येक महिन्यांत मी या घरात बाबांची कुठलीच गोष्ट ऐकली नव्हती. सतरा आल्यापासून आम्ही फक्त सतराबद्दल बोलत होतो.

"आणि तू कुठे होतीस?" मी विचारलं.

"मी धावत येतेय मागून. गाळणं न घेता. मला वाटलं, हे काळजीत असतील, शोधत असतील." आई आता हसत होती, खांदे हलेपर्यंत. "तर हे माझ्यावरच रागावलेले. सगळ्या मंडईसमोर मला म्हणतात, 'तू होतीस कुठे? मी केव्हाचा तुझ्याशी बोलतोय.'"

आत्या मांडीवर थापा मारत हसली. आतोबाही हसले. आई हसत होती, हसता हसता तिने पळी टेबलावर ठेवली, पदर तोंडाला लावला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. वर्षभर मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि "मी केव्हाचा तुझ्याशी" एवढंच परत म्हणाली, पुढचं आलं नाही.

मी पाणी आणायला उठले, कारण अशा वेळी मला तेवढंच सुचतं. आत्याने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"राहू दे गं पाणी," ती म्हणाली. "बस इथे."

मी सोफ्यावरचा बंद लॅपटॉप उचलून जमिनीवर ठेवला आणि बसले.